तिखाडीच्या माळावरची सकाळ : चिखलदऱ्याच्या एका वाटाड्या-सेवेविषयी

अंजनगाव सुर्जी तालुक्यातील आमच्या गावाहून उत्तरेकडे पाहिले की गाविलगडचे डोंगर भिंतीसारखे आडवे उभे दिसतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवताना ही भिंत मी तीस वर्षे फळ्यावर काढली, तिच्या पलीकडे तापी आणि अलीकडे पूर्णा असे मुलांकडून पाठ करून घेतले. परंतु तिच्या माथ्यावर पायी, सावकाश आणि कोणी घाई न करता फिरण्याचा योग निवृत्तीनंतर, मागच्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आला. तो ज्यांच्यामुळे आला, त्या चिखलदऱ्याच्या अलीकडील एका गावातील कोरकू तरुण-तरुणींच्या वाटाड्या-सेवेविषयी हे लिहीत आहे. या मंडळींनी आपल्या कामाला अजून कोणतेही नाव दिलेले नाही. गावात चौकशी केली की त्यांच्यापैकी एखाद्याचा फोन क्रमांक मिळतो आणि एवढ्यावरच त्यांचे काम चालते.

आम्ही तिघे होतो. मी, माझे यजमान आणि माझ्या वन्सं, ज्यांच्या उजव्या गुडघ्याचे दुखणे जुने आहे. तिघांचेही वय साठीच्या पुढे असल्यामुळे फोनवर मी पहिला प्रश्न चढाचा विचारला. पलीकडच्या मुलाने त्यावर लगेच होकार दिला नाही. गुडघा पायऱ्या चढताना दुखतो की उतरताना, घरी रोज किती चालणे होते, बसल्यावर उठायला आधार लागतो का, असे त्याने एकेक करून विचारले आणि मग किल्ल्याची वाट न घेता एका मोकळ्या माळाची, साधारण सात किलोमीटरची वाट सुचवली. सेवेची परीक्षा खरे तर तेथेच झाली होती, असे मला आता वाटते. आदल्या वर्षी एका मोठ्या गावातील प्रवासी कंपनीमार्फत आम्ही चिखलदऱ्याला आलो होतो, तेव्हा चार तासांत आठ पॉइंट दाखवले गेले. प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरायचे, कठड्यापाशी छायाचित्र काढायचे आणि पुन्हा गाडीत बसायचे. डोंगरावर जाऊनही डोंगराच्या मातीला आमचा पाय लागला नव्हता, याची खंत वर्षभर मनात राहिली होती.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकले ती कीचकदरा आणि तिच्यावरून चिखलदरा, ही कथा येथे प्रत्येक जण सांगतो. आमच्या वाटाड्यानेही ती सांगितली, पण दोन वाक्यांत, कारण त्याला दुसरे काही दाखवायचे होते.

माळावर पोहोचलो तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता आणि समोरचा सगळा उतार तांबूस दिसत होता. ते तिखाडीचे गवत होते. अमरावती जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला तिखाडी माहीत नाही असे होत नाही. सांधेदुखीवर तिचे तेल चोळतात, डास येऊ नयेत म्हणून अंगाला लावतात. परंतु एवढ्या मोठ्या पसाऱ्यात, फुलोऱ्यावर आलेली, दव अंगावर घेऊन उभी असलेली तिखाडी मी पहिल्यांदाच पाहिली. व्यापारात हिला रोशा गवत म्हणतात आणि हिच्या तेलाला पामरोझा. तेलात जिरॅनिऑल नावाचा घटक मोठ्या प्रमाणात असल्याने त्याला गुलाबाच्या जवळ जाणारा वास येतो आणि म्हणून साबण व अत्तरांच्या धंद्यात त्याला मागणी असते. या गवताचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार मानतात, त्यांपैकी मोतियाचे तेल अधिक चांगले समजले जाते आणि ते गवत कोरड्या, उघड्या, पाणी न साचणाऱ्या उतारावर वाढते. ही माहिती मला पुस्तकातून होती. वाटाड्याने मात्र एक तुरा हातात घेऊन चुरगाळला, माझ्या तळहातावर ठेवला आणि सांगितले, “बाई, हे आता कापणीले आलं. अजून आठ-दहा दिवसांनी याल तर वास राहीन, पण रंग उतरून जाईन.” पूर्वी माळालगतच तेलाच्या भट्ट्या लागत, तांब्याच्या किंवा लोखंडी हंड्यात गवत उकळून वाफ थंड पाण्यातून नेत, हे त्याने आपल्या आजोबांकडून ऐकले होते. भट्टी कोठे असे ती जागाही त्याने दाखवली. तेथे आता तीन काळे पडलेले दगड आहेत.

या ठिकाणी मला स्कॉटलंडमधील एक डोंगर आठवला आणि त्याचा उल्लेख केल्याशिवाय या सेवेचे मोल मला नीट सांगता येणार नाही. माझी मुलगी इन्व्हर्नेस या गावी नोकरीला आहे. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी तिच्याकडे असताना तिने मला लॉख नेस या लांबट सरोवराच्या काठावरील मेल फूर-व्होनी नावाच्या डोंगरावर नेले होते. त्या नावाचा अर्थ थंड माळाचा गोल डोंगर असा काहीसा होतो. उंची केवळ ६९९ मीटर. स्कॉटलंडमध्ये ३,००० फुटांहून उंच असलेल्या २८२ शिखरांची एक यादी आहे आणि चालणाऱ्यांची गर्दी त्या यादीतील शिखरांकडे धावते, त्यामुळे असे बुटके डोंगर शांत राहतात. त्या दिवशी तो संपूर्ण डोंगर हेदरच्या जांभळ्या फुलांनी भरला होता. हेदर हे गवत नव्हे. ते गुडघ्याएवढे, कडक फांद्यांचे सदाहरित झुडूप आहे आणि त्याची फुले तांदळाच्या दाण्याएवढी असतात. दुरून मात्र उतारावर कोणीतरी शालू पसरल्यासारखा वाटतो. तो माळ निसर्गाने आपोआप तसा राखलेला नाही, हेही मुलीने मला तेथेच सांगितले. मेंढ्या व हरणे यांच्या चरण्यामुळे आणि ठरावीक हंगामात झुडपांचे लहान लहान पट्टे मुद्दाम जाळण्यामुळे तेथे झाडे वाढत नाहीत आणि जळालेल्या जागी येणारे कोवळे कोंब ग्राउस नावाच्या पक्ष्याला खायला मिळतात.

आपल्याकडे आगीची गोष्ट वेगळी आहे. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा कोणी पेटवतो आणि एखादी ठिणगी माळावर जाते. वाळलेली तिखाडी तेलामुळे भडकून पेटते. वनविभाग उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतो, म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा आधीच जाळून किंवा साफ करून ठेवतो, जेणेकरून आग पलीकडे जाऊ नये. आमच्या वाटेत अशी एक जुनी जाळरेषा लागली. वाटाड्याने तेथे थांबून ती कशी काढतात हे सांगितले आणि आमच्यापैकी कोणाकडे काडेपेटी आहे का, हे नम्रपणे विचारून घेतले. यजमानांच्या खिशात होती. ती त्याने मागून घेतली आणि परतल्यावर परत दिली.

चालण्याची पद्धत मला फार आवडली. पुढे हा तरुण आणि सर्वांत मागे त्याच्या गावातील एक मुलगी, जी या कामात नवीन असली तरी पक्षी व झाडे चांगली ओळखते. मागे कोणीतरी आहे म्हटल्यावर हळू चालणाऱ्याला आपण मागे पडलो असे वाटत नाही. वन्सं दोनदा थांबल्या, तेव्हा ती मुलगीही काही न बोलता थांबली आणि एकदा तर तिने त्यांना बसायला आपली घोंगडी पसरून दिली. यजमानांनी पुढे जाण्याची घाई केली तेव्हा वाटाड्या एवढेच म्हणाला, “काकाजी, डोंगर कुठी पयून नाही चालला.” बाईमाणसांच्या दृष्टीने मुलगी सोबत असणे किती सोयीचे असते, हे वेगळे सांगायला नको.

एका जागी माळ दोन्ही बाजूंना उतरतो. दक्षिणेला कडा एकदम तुटतो आणि खाली आमचाच मुलूख दिसतो, म्हणजे संत्र्यांच्या बागा, कपाशीची शेते आणि त्यांच्याही पलीकडे धुरकट दिसणारा खारपाणपट्टा, जेथे विहिरीला पाणी लागते पण ते पिता येत नाही. हा तुटलेला कडा म्हणजे जमिनीच्या मोठ्या भेगेची, भूशास्त्रात गाविलगड प्रस्तरभंग म्हणतात तिची, खूण आहे. शाळेत मी हा शब्द दरवर्षी उच्चारत असे. तेथे उभे राहिल्यावर त्याचा अर्थ पायांना कळला. वाटाड्याने उत्तरेकडे बोट दाखवून सांगितले की तिकडे पडलेला पाऊस सिपनेला जातो आणि इकडे पडलेला खाली पूर्णेला. मी त्याला म्हटले की सिपना तापीला मिळते आणि पूर्णाही शेवटी जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीलाच मिळते, तेव्हा या माळावर वेगळे झालेले पाणी तेथे पुन्हा एकत्र येते. हे त्याला माहीत नव्हते. त्याने ते मला पुन्हा सांगायला लावले आणि मागच्या मुलीला हाक मारून कोरकूत समजावून दिले. जो वाटाड्या पाहुण्याकडूनही काही घेऊ इच्छितो, त्याच्याबरोबर चालण्यात वेगळाच आनंद असतो.

तेथूनच पश्चिमेला दरीपलीकडे गाविलगड दिसतो. बहमनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकात बांधलेला, पुढे इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला याने मजबूत केलेला हा किल्ला. फत्तेउल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला आणि किल्ल्याच्या दरवाजावरील गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी, दक्षिणेची ती आठवण अजून सांगतो. आमच्या गावाच्या दृष्टीने मात्र १८०३ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला, १७ डिसेंबरला नागपूरच्या भोसल्यांशी देवगावचा आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. तोफा उत्तरेच्या बाजूने डोंगरातून आणाव्या लागल्या आणि त्या जागोजागी सैनिकांनी हातांनी ओढल्या.

हे सगळे मी सांगत होते तेव्हा वाटाड्याने विचारले की ओढणारे कोण होते, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की या प्रश्नाचे उत्तर मला इन्व्हर्नेसमुळेच माहीत आहे. आतल्या किल्ल्याच्या तटावर शिड्या लावून प्रथम चढणारी तुकडी ९४ क्रमांकाच्या स्कॉटिश पलटणीची होती आणि दक्षिणेकडून हल्ला करणाऱ्यांत ७४ व ७८ या हायलँडर पलटणी होत्या. त्यांपैकी ७८ वी पलटण १७९३ मध्ये उत्तर स्कॉटलंडमध्येच उभारली गेली. इन्व्हर्नेसजवळील फोर्ट जॉर्ज या किल्ल्यातील संग्रहालयात मुलीने मला त्या पलटणीचे हत्तीचे चिन्ह दाखवले होते. जालना जिल्ह्यातील असईच्या लढाईबद्दल ते त्यांना मिळाले. हेदरच्या माळावरून निघालेली माणसे या तिखाडीच्या माळांपर्यंत तोफा ओढत आली आणि त्यांतील कित्येक परत गेली नाहीत. त्यांना हा वास आला असेल का, असे आमच्या मागून चालणाऱ्या त्या मुलीने विचारले. डिसेंबरात तिखाडी वाळलेली असते, पण पायाखाली तुडवली की वास येतोच, असे उत्तर तिचे तिनेच दिले.

आता शांततेविषयी. ही सेवा शांत वाटेची आहे असे सांगतात आणि ते खरे आहे. सकाळी सहा ते अकरा या वेळात आम्हांला दोन गुराख्यांखेरीज कोणी भेटले नाही. परंतु या तरुणांनी ती शांतता विकण्याची वस्तू म्हणून आमच्यापुढे ठेवली नाही. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात जाहीर झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याच्या गाभ्यातील अनेक गावे गेल्या पंचवीस वर्षांत बाहेर वसवली गेली. वाटाड्याच्या मामाचे गावही त्यांत होते. “लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथंच राहो. आता तिथं गवत आहे, रानगवे येतात. मामाले पैसे भेटले, जमीन भेटली, शाळा जवळ झाली. पण त्याच्या बापाचा मुंडा तिकडंच राहिला.” मुंडा म्हणजे मृताच्या स्मरणार्थ कोरकू लोक उभा करतात तो कोरीव सागवानी खांब. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती आणि कौतुकही नव्हते. मला मेल फूर-व्होनीच्या पायथ्याकडील दऱ्यांची आठवण झाली. त्या प्रदेशातील कित्येक दऱ्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनी मेंढ्यांसाठी माणसांपासून मोकळ्या केल्या. तेथे जबरदस्ती झाली आणि येथील पुनर्वसनाला योजना, मोबदला व संमती आहे, त्यामुळे दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हे मी भूगोलाची शिक्षिका म्हणून आवर्जून नोंदवते. तरीही निर्जन माळ पाहताना येथे पूर्वी कोण होते हे सांगणारा माणूस सोबत असावा, असे मला तेथेही वाटले होते. तेथे तो मिळाला नव्हता. येथे मिळाला.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर बहुतेक मोकळ्या जमिनीवरून कोणालाही पायी जाण्याचा हक्क आहे, त्यामुळे वाटाड्या नसला तरी चालते. येथे तसे नाही आणि नसावेही. हा माळ महसुली हद्दीत असला तरी त्याला लागून वनहद्द आहे, अस्वलाचा वावर आहे आणि पहाटेच्या अंधारात निघणे धोक्याचे असते. या मुलांनी उजाडल्याशिवाय पाऊल उचलले नाही. एका ठिकाणी अस्वलाने ताजी उकरलेली वारुळे दिसल्यावर ठरलेली वाट सोडून त्यांनी आम्हांला वळसा घालून नेले. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. रानपिंगळा, म्हणजे १८८४ नंतर नामशेष झाला असे मानले गेलेले आणि १९९७ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा सापडलेले ते छोटे घुबड, मेळघाटातही आहे. ते दिसेल का, असे मी विचारले. “दिसलं तर तुमचं नशीब, पण त्याच्यासाठी आवाज वाजवणार नाही,” असे स्पष्ट उत्तर मिळाले. ते दिसले नाही. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणारे वाटाडे मी पाहिले आहेत, म्हणून हा नकार मला मोलाचा वाटतो.

जेवण वाटाड्याच्या घरी होते. कुटकी या बारीक भरडधान्याचा भात, बरबटीची म्हणजे चवळीची उसळ, मक्याची भाकर, अंबाडीची चटणी आणि ताक. कुटकीचा भात मोकळा, किंचित खरखरीत आणि पोटाला हलका असतो. त्यावर त्याच्या आईने कढवलेले तूप घातले, जे मी आतापर्यंत खाल्लेल्या तुपात फार वरचे होते. घर सारवलेले, ताटे स्वच्छ, पाणी उकळून गार केलेले. जेवणावर अधिक लिहीत नाही, कारण ते घरचे जेवण होते आणि घरच्या जेवणाला गुण देऊ नयेत असे मला वाटते.

उणिवा मात्र सांगितल्या पाहिजेत, कारण ही मुले शिकणारी आहेत. पहिली, ठरलेल्या जागी वाटाड्या चाळीस मिनिटे उशिरा आला आणि मोबाईलची रेंज नसल्याने आम्हांला काही कळवू शकला नाही. थंडीत रस्त्याच्या कडेला वाट पाहणे वयस्कांना त्रासाचे असते. दुसरी, काय घालून यावे हे कोणी सांगितले नाही. तिखाडीमध्ये वाढणारे कुसळी गवत लुगड्याच्या काठात असे रुतते की वन्संचे अख्खे एक पातळ वाया गेले. जाड सलवार किंवा पँट आणि घोट्याच्या वर येणारे मोजे हवेत. गुरे चरतात तेथे गोचीडही असते. हेदरच्या माळावरून परतल्यावर मुलगी माझे पाय व गुडघ्यामागची जागा बारकाईने तपासत असे, कारण तेथील गोचिडीमुळे लाइम नावाचा आजार होतो. येथेही घरी आल्यावर अंग तपासून गरम पाण्याने आंघोळ करावी, एवढे तरी या मुलांनी प्रत्येकाला सांगावे. तिसरी आणि सर्वांत गंभीर, त्यांच्याजवळ प्रथमोपचाराची पेटी नव्हती. यजमानांच्या हाताला काटेरी झुडपाने ओरखडा आला, तेव्हा एकदांडीचा पाला चुरडून लावला आणि रक्त थांबलेही. पण घोटा मुरगळला किंवा विंचू चावला तर पाला पुरणार नाही. मी हे तिथल्या तिथे सांगितले. जानेवारीत फोन केला तेव्हा पेटी घेतल्याचे वाटाड्याबरोबरच्या त्या मुलीने कळवले. पावती देण्याची सोय अजूनही नाही, ती असावी.

सहा जणांपर्यंतच्या गटाचे त्यांनी १,८०० रुपये घेतले आणि जेवणाचे माणशी १५० रुपये. दोन माणसांची अर्ध्या दिवसाची मेहनत आणि त्यांचे ज्ञान पाहता हा दर कमी आहे. आम्ही वर काही देऊ केले तेव्हा त्यांनी ते गावातील शाळेच्या वाचनालयाच्या डब्यात टाकायला सांगितले. परतवाड्याहून धामणगाव गढीच्या घाटाने सकाळी येणे जमत नसेल तर आदल्या रात्री चिखलदऱ्यात मुक्काम करावा. पावसाळ्यात हा माळ धुक्यात असतो आणि निसरडा होतो, उन्हाळ्यात तो करपलेला असतो. त्यामुळे कोजागिरीपासून दिवाळीनंतरच्या आठवड्यापर्यंतचा काळ धरावा, कापणी सुरू झाली आहे का हे फोनवर विचारून घ्यावे, आणि कुटकीचा भात हवा असेल तर तो आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगावा, कारण कुटकी त्यांच्या घरी अजून उखळात कांडतात.